दोन बिंदूंवरून चढ काढणारं ॲप: सोप्या रेषेवर झकास, उभ्या रेषेवर आडवं

दोन बिंदूंवरून रेषेचा चढ काढायला ॲप कशाला लागतं असं कोणी विचारलं तर त्याचं काही चुकत नाही, कारण काम आहेच केवढं, दोन वजाबाक्या आणि एक भागाकार, वाय मधला फरक वर, एक्स मधला फरक खाली, झालं. पण ज्याला एका बैठकीत ढीगभर चढ तपासायचे असतात, मग ते पोरांचे पेपर असोत नाहीतर लॅबमधली रीडिंग, त्याला विचारा. भागाकारात सहसा कोणी चुकत नाही, चुकतात ते उणे चिन्हात आणि कोणता आकडा कुठे लिहायचा त्यात. म्हणून असं एखादं ॲप फोनमध्ये असावं या मताचा मी आहे आणि म्हणूनच हे फ्रीवालं चढ कॅल्क्युलेटर घेतलं, बरेच दिवस वापरलं आणि आता त्याबद्दल लिहितोय. नाव देत नाही, कारण याच साच्यातली रंग बदललेली ॲप्स ढिगाने आहेत आणि खालच्या बऱ्याच गोष्टी त्या सगळ्यांना लागू पडतात, तुमच्याकडे जे असेल त्यावर ताडून बघा.

आधी चांगलं सांगतो. सरळसाध्या बिंदूंवर उत्तर बरोबर येतं आणि पटकन येतं. (-३, ४) आणि (५, -२) हा माझा नेहमीचा तपासणीचा जोड, कारण यात दोन्हीकडे उणे आहे. वर -२ वजा ४ म्हणजे -६, खाली ५ वजा -३ म्हणजे ८, चढ -३/४. अपूर्णांक मोडमध्ये ॲपने -३/४ च दिलं, -६/८ वर थांबलं नाही, अतिसंक्षिप्त रूप स्वतःच केलं, शिवाय समीकरण ३एक्स + ४वाय = ७ असं अपूर्णांक काढून नीट मांडलं, आणि दोन बिंदूंमधलं अंतर १० हेही न विचारता दिलं. बिंदूंची अदलाबदल केली, दुसरा आधी आणि पहिला नंतर, तरी तेच उत्तर, म्हणजे ६ भागिले -८, आणि ते तसं यायलाच हवं. स्टेप्समध्ये उणे आकड्याभोवती कंस टाकलाय, "५ - (-३)" असा, आणि या एका कंसासाठी मी त्यांना एक स्टार जास्त द्यायला तयार आहे. हे लहान वाटतं पण नाहीये, कंस न टाकता "५ - -३" दाखवणारी ॲप्स मी पाहिलीत आणि त्यातून पोरं ५ वजा ३ असं वाचून २ करतात आणि चढ -३ काढून मोकळी होतात.

आता रकान्यांची मांडणी. ही कोणी केली त्याला एकदा भेटायचंय. वरच्या ओळीत एक्स१ आणि एक्स२, खालच्या ओळीत वाय१ आणि वाय२. अरे पण बिंदू असा लिहिलेला असतो का कुठे? पुस्तकात बिंदू येतो तो (एक्स, वाय) असा जोडीने, माणूस वाचतो -३, ४, ५, -२ आणि त्याच क्रमाने बोटं चालतात, मग ॲपच्या दृष्टीने एक्स१ -३ झाला, एक्स२ ४, वाय१ ५ आणि वाय२ -२. उत्तर येतं -७ भागिले ७ म्हणजे -१. आणि गंमत बघा, उत्तर इतकं देखणं आहे की शंका घ्यायची कुणाला बुद्धीच होत नाही, काहीतरी ११/१७ असलं आलं असतं तर निदान परत बघितलं असतं. रकान्यांवर पुसट राखाडी अक्षरात एक्स१, एक्स२ लिहिलंय हे खरं, पण टाइप करायला लागलं की ते गायब होतं. पहिल्या बिंदूचे दोन रकाने एका ओळीत आणि दुसऱ्याचे दुसऱ्या ओळीत ठेवायला काय जात होतं ते कळत नाही. आलेखावर बिंदू दिसतात, तिथे नजर टाकली की चूक पकडता येते, पण त्यासाठी स्क्रीन खाली सरकवावी लागते आणि मध्ये जाहिरात.

उभी रेष. माझ्या मते असल्या कुठल्याही ॲपची खरी परीक्षा इथेच होते, कारण सोपे चढ तर कुणीही काढेल, उत्तरच नसतं तिथे ते काय बोलतं ते बघायचं. (४, १) आणि (४, ७) टाकलं. वर ६, खाली ०. पुस्तक काय म्हणतं, शून्याने भागता येत नाही, वाय-अक्षाला समांतर रेषेचा चढ ठरवता येत नाही, विषय संपला. ॲप म्हणतं "इन्फिनिटी". पुढे समीकरणाच्या जागी "वाय = इन्फिनिटी एक्स - इन्फिनिटी" असलं काहीतरी अगम्य. हे कुठून येतं तेही सांगतो, ब्राउझर आणि फोनमधल्या बऱ्याच भाषांमध्ये दशांश आकड्यांचं गणित आयईईई ७५४ नावाच्या मानकाप्रमाणे चालतं आणि त्यात ६ भागिले ० केलं की यंत्र अडत नाही, अनंताचं चिन्ह हातात देऊन पुढे जातं. यंत्राच्या दृष्टीने ते नियमातच आहे, पण समोर बसलेल्या दहावीच्या पोराला ते जसंच्या तसं दाखवणं म्हणजे आळस आहे. तिथे एक जर-तर टाकला की भागतं, एक्स सारखे असतील तर "चढ ठरवता येत नाही, रेष एक्स = ४" असं लिहा. रेष तर आहे ना, ती कुठे पळून गेली नाही, तिचं समीकरणही आहे, नाहीये तो फक्त चढ. आणि अनंत म्हणायचंच असेल तर अधिक अनंत की उणे अनंत हे कसं ठरवणार, बिंदूंची अदलाबदल केली की ॲपचं उत्तर "-इन्फिनिटी" होतं, तीच रेष, तेच दोन बिंदू आणि चिन्ह उलटं. साध्या रेषेत अदलाबदल केल्यावर उत्तर बदललं नव्हतं, इथे बदललं, यावरूनच समजावं की ते उत्तर नव्हेच.

एकच बिंदू दोनदा टाकला, (४, १) आणि (४, १), तर "नॅन" येतं. म्हणजे नॉट अ नंबर. हे तर कुणालाच कळणार नाही, एका बिंदूतून कितीही रेषा जातात, दुसरा वेगळा बिंदू द्या, असं साध्या भाषेत सांगायला हवं होतं.

आडव्या रेषेवर अजून एक मजा. (१, ६) आणि (९, ६) टाकलं तर ०, बरोबर. उलट क्रमाने टाकलं तर -०. होय, उणे शून्य. त्याच मानकात शून्यालाही चिन्ह असतं, ० भागिले -८ केलं की ते उणं शून्य म्हणून ठेवलं जातं, आतल्या आत ठीक आहे, दाखवताना तो उणे पुसायला हवा. चूक म्हणता येणार नाही, पण "सर, शून्य उणे असतो का" हा प्रश्न आलाच म्हणून समजा.

बरं आता जरा महत्त्वाचं, गोलाकार करणं, म्हणजे राउंडिंग. ॲपमध्ये "अपूर्णांक" आणि "दशांश" असे दोन मोड आहेत आणि बाय डिफॉल्ट दशांश चालू असतो, दोन स्थळांपर्यंत. हे उलटं असायला हवं होतं. (२, ५) आणि (८, ७) घ्या, चढ २/६ म्हणजे १/३. दशांश मोडमध्ये ०.३३ दिसतं, इथपर्यंत चालेल, दाखवायला दोन स्थळं पुरे. पण पुढचं गणितही ते त्याच कापलेल्या ०.३३ ने करतात! वाय-छेद, म्हणजे रेष वाय-अक्षाला जिथे छेदते तो आकडा, खरा १३/३ म्हणजे ४.३३ हवा तर तो ४.३४ येतो आणि समीकरण वाय = ०.३३एक्स + ४.३४. आता यात एक्स = ८ टाकून बघा, ६.९८ येतं, ७ नाही. म्हणजे दोन बिंदूंमधून जाणारी रेष मागितली आणि मिळाली ती एकाच बिंदूतून जाणारी. एक्स = ३०० वर गेलात तर खरं उत्तर १०४.३३ आणि ॲपचं १०३.३४, जवळपास एकाचा फरक. शेवटी एकदाच राउंड करावं, मध्ये मध्ये करू नये, हे प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला सांगतात.

याच रोगाची दुसरी गाठ "एकरेषीय आहेत का", म्हणजे तिन्ही बिंदू एकाच रेषेवर आहेत का, या बटणात. तिसरा बिंदू द्यायचा आणि ॲप पहिल्या जोडीचा आणि दुसऱ्या जोडीचा चढ ताडून सांगतं, कल्पना चांगली आहे, पद्धतही पुस्तकातलीच. पण (०, ०), (३००, १००) आणि (६००, १९९) दिले तर पहिला चढ १/३, दुसरा ९९/३०० म्हणजे बरोबर ०.३३, दोन्ही दोन स्थळांना ०.३३, आणि ॲप हिरवी टिक मारून "एकरेषीय" म्हणतं. नाहीयेत ते. अपूर्णांक मोडमध्ये हेच विचारलं की बरोबर "नाही" येतं, म्हणून घेतल्या घेतल्या आधी सेटिंगमध्ये जाऊन अपूर्णांक चालू करा, नंतर बाकीचं.

सेटिंगमध्ये "पूर्ण अचूकता" पण आहे. ती लावून (०, ०.१) आणि (१, ०.३) टाकलं, उत्तर ०.१९९९९९९९९९९९९९९९८. हे बघून एक स्टार देणारे लोक आहेत, त्यांना सांगतो, यात ॲपचा तेवढा दोष नाही. कॉम्प्युटर आकडे दोनच्या घातांत साठवतो आणि ०.१, ०.३ हे त्यात नेमके बसत नाहीत, आपल्या दशांशात १/३ बसत नाही तसंच, त्यामुळे वजाबाकी केल्यावर शेपूट राहतं. हातावर ०.२ येतं आणि ०.२ च खरं. उगाच खोड काढायची म्हणून मी (९००७१९९२५४७४०९९२, ०) आणि (९००७१९९२५४७४०९९३, १) हेही टाकून बघितलं. चढ डोळ्यांनी दिसतोय की १ आहे, पण ॲप म्हणालं इन्फिनिटी, कारण पहिला आकडा म्हणजे २ चा ५३ वा घात, त्याच्या पुढचे बरेच पूर्णांक ६४ बिटांच्या दशांश साठवणुकीत नेमके मावत नाहीत, दुसरा आकडा गुपचूप पहिल्याएवढा झाला आणि रेष उभी पडली. असले आकडे रोज कोण टाकतो म्हणा, यासाठी मार्क कापलेले नाहीत.

कोनाचं बटण. (-३, ४) आणि (५, -२) साठी कोन -३६.८७ अंश येतो. पुस्तकाप्रमाणे एक्स-अक्षाच्या धन दिशेशी केलेला कोन ० ते १८० मध्ये घेतात, म्हणजे १४३.१३ अंश. दोन्हींचा टॅन -०.७५ च, चूक कोणाचीच नाही, पण ॲपने आपण कोणती पद्धत घेतली ते एका ओळीत लिहायला पाहिजे होतं, वहीत १४३ आणि फोनवर उणे ३६ दिसलं की पोरं वहीतलं खोडतात.

टक्क्यांचा मोड मात्र मला मनापासून आवडला. रस्ते, रॅम्प, पाइपलाइन यांचा चढ टक्क्यांत सांगतात आणि इथे थेट तसं मिळतं. बऱ्याच जणांना वाटतं की १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत, पण १०० टक्के म्हणजे जेवढं पुढे तेवढंच वर, ४५ अंश. व्हीलचेअरच्या रॅम्पला १ ला १२ हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी धरतात, ते टाकलं तर ८.३३ टक्के आणि ४.७६ अंश, दोन्ही एकाच स्क्रीनवर. मुळात चढ मोजताना दोन बिंदू कुठले घेता यावर किती रामायण होतं बघा, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधली बाल्डविन स्ट्रीट जगातला सगळ्यात चढाचा रस्ता म्हणून गिनीजमध्ये होती, २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेकच्या एका रस्त्याने ३७.४५ टक्के दाखवून तो मान घेतला. ड्युनेडिनकरांनी हरकत घेतली की रस्ता वळणाचा असेल तर आतल्या कडेवर मोजू नका, मधल्या रेषेवर मोजा. २०२० मध्ये ते मान्य झालं, मधल्या रेषेवर हार्लेक २८.६ टक्के आणि बाल्डविन ३४.८ टक्के, मान परत. सूत्र दोन्हीकडे एकच होतं, फरक पडला तो बिंदू बदलल्यामुळे, आणि ते कुठलं ॲप सांगणार तुम्हाला.

टक्के आणि कोन आवडले म्हटलं खरं, पण ते कधी बघायचे नाहीत हेही ॲपने सांगायला हवं. समजा एक्सवर तास आणि वायवर किलोमीटर आहेत, (२, ६०) आणि (५, २१०), तर चढ १५० भागिले ३ म्हणजे ५०, आणि तो नुसता ५० नाही, ताशी ५० किलोमीटर आहे, वेग आहे. ॲप खाली उत्साहाने लिहितं "कोन ८८.८५ अंश". कसला कोन? तासांऐवजी मिनिटं घेतली तर चढ ०.८३ होतो आणि कोन थेट ३९.८ अंशावर उतरतो, गाडी तर तीच आणि तेवढ्याच वेगाने चाललीये. दोन्ही अक्षांवर एकच एकक असेल तेव्हाच कोनाला अर्थ. एककाचा रकानाच नाहीये ॲपमध्ये, तो हवा, विज्ञानाच्या पोरांना तर हवाच हवा.

आलेख दिसायला छान, बोटाने झूम होतो. पण स्केल आपोआप लागतं आणि दोन्ही अक्षांचं वेगवेगळं लागतं, त्यामुळे (०, ०) आणि (१०, १०००) ची रेष, चढ १०० बरं का, पडद्यावर छान तिरकी ४५ अंशाची दिसते. चढ १ असलेली रेषही तशीच दिसते. परस्परलंब रेषा काढून बघितल्या, चढांचा गुणाकार -१ आला, आणि चित्रात त्या लंब वाटतच नाहीत. स्केल लॉक करायचं बटण शोधून सापडलं नाही. आलेखासाठी म्हणाल तर मी सरळ जिओजेब्रा हे गणिताचं ॲप उघडतो, त्यात स्लोप नावाचं टूल आहे, रेषेवर टॅप केलं की आडवी-उभी बाजू दाखवणारा त्रिकोणच काढून देतं, चढ म्हणजे काय हे त्या त्रिकोणात जेवढं कळतं तेवढं चार स्टेप्स वाचून कळत नाही. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं आणि शाळेच्या वापरासाठी फुकट आहे. डेसमॉस हे आलेखाचं ॲपही भारी आहे, बिंदू बोटाने ओढले की रेष सोबत हलते.

ॲपच नको असेल तर स्प्रेडशीटमध्ये स्लोप नावाचं फंक्शन आहेच, ढिगाने चढ काढायचे असतील तर तेच बरं, फक्त त्यात वाय आधी आणि एक्स नंतर द्यायचे असतात, उलटं दिलं की (२, ५) आणि (८, ७) चा चढ १/३ च्या जागी ३ येतो आणि एरर वगैरे काही येत नाही. उभ्या रेषेवर मात्र ते शून्याने भागल्याची एरर देतं, जे आपल्या ॲपला जमलं नाही. आणि साध्या कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर दोन्ही फरकांना कंस घाला, सायंटिफिकवर ७ - ५ ÷ ८ - २ असं सलग दाबलं तर तो आधी भागाकार करतो आणि ४.३७५ देतो.

जाहिराती: दर दोनतीन उत्तरांनंतर एक, पूर्ण स्क्रीन, बंद करायची फुली कोपऱ्यात एवढीशी. स्टेप्स फुकट दिसतात हे मात्र कौतुकाचं, बाकीची ॲप्स नेमक्या स्टेप्सच पैसे भरल्याशिवाय दाखवत नाहीत. ऑफलाइन चालतं. कॅमेऱ्याने वहीतलं गणित वाचायची सोय आहे पण हाताने लिहिलेला उणे बऱ्याचदा पुसला जातो, -३ चा ३ तर झाला नाही ना ते स्वतः बघा, त्यापेक्षा टाइप केलेलं बरं.

सध्या तीन स्टार. उभ्या रेषेचं उत्तर सुधारलं आणि मधलं राउंडिंग काढलं तर चार करीन, फीडबॅकमध्ये (४, १), (४, ७) चा स्क्रीनशॉट टाकलाय, "कळवल्याबद्दल धन्यवाद" असं आपोआप उत्तर आलं, पुढच्या अपडेटमध्ये बघू.